टेन्सर दोन डिव्हाइसवर विखुरले की : पायटॉर्चमध्ये या चुका टाळा

इंदूरच्या सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातले पदार्थ फोटोवरून ओळखणारं, पायटॉर्च या पायथन लायब्ररीत लिहिलेलं एक छोटं मॉडेल घ्या : पोहे, जिलबी, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद). लॅपटॉपच्या सीपीयूवर ते बिनतक्रार चालतं. तोच कोड कॉलेजच्या जीपीयू मशीनवर टाकला की पहिल्याच बॅचला रनटाइम एरर : सगळे टेन्सर (आकड्यांचे तक्ते) एकाच डिव्हाइसवर हवेत, सापडले दोन, क्यूडा:० (म्हणजे पहिला जीपीयू) आणि सीपीयू. चूक आधीपासून कोडमध्येच असते. लॅपटॉपवर डिव्हाइसच एक, म्हणून ती झाकली जाते.

एररच्या ट्रेसमध्ये खालून वर जात तुमच्या फाइलमधली पहिली ओळ गाठा आणि त्या ओळीतल्या प्रत्येक टेन्सरचं ‘.डिव्हाइस’ प्रिंट करा. ही तपासणी काम जीपीयूकडे जाण्याआधीच होते, त्यामुळे दाखवलेल्या ओळीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दिसेल तिथे ‘.क्यूडा()’ चिकटवत मात्र सुटू नका. दोन जीपीयूंच्या मशीनवर तेच क्यूडा:० विरुद्ध क्यूडा:१ होऊन पुन्हा उभं राहतं.

नेहमीची चूक ही : ‘मॉडेल.टू(डिव्हाइस)’ लिहिलं की मॉडेल जागच्या जागी हलतं, टेन्सर हलत नाही. त्याची नवी प्रत मिळते. म्हणून नुसतं ‘एक्स.टू(डिव्हाइस)’ लिहून काहीच होत नाही, ‘एक्स = एक्स.टू(डिव्हाइस)’ असंच लिहायला हवं. लेबलांनाही (बरोबर उत्तरांच्या टेन्सरलाही) हेच लागू, आणि बहुतेक वेळा विसरतात ती लेबलंच.

दुसरी जागा लॉसची, म्हणजे मॉडेलची चूक मोजणाऱ्या फंक्शनची. गराडू थंडीतच मिळतो, त्याचे फोटो कमी, म्हणून क्रॉस एन्ट्रॉपी या लॉसला वर्गनिहाय वजनं दिली जातात. तो वजनांचा टेन्सर सीपीयूवरच राहतो, कारण लॉस मॉडेलच्या आत नसतो. लॉसलाही ‘.टू(डिव्हाइस)’ द्या, वजनं सोबत जातात.

स्वतः लिहिलेल्या लेयरमध्ये जास्त काळजी घ्या. मॉडेलसोबत फक्त नोंदवलेल्या गोष्टी हलतात : पॅरामीटर (शिकली जाणारी वजनं), बफर (न शिकता मॉडेलसोबत राहणारे टेन्सर) आणि उप-मॉड्यूल. ‘सेल्फ.मीन = टॉर्च.टेन्सर([०.४८५, ०.४५६, ०.४०६])’ हा साधा टेन्सर मागे राहतो, तो ‘रजिस्टर_बफर’ने नोंदवा. लेयर साध्या पायथन लिस्टमध्ये ठेवले तर ते हलत नाहीतच, शिवाय ‘मॉडेल.पॅरामीटर्स()’मध्येही येत नाहीत, म्हणजे ऑप्टिमायझर (वजनं सुधारणारा भाग) त्यांना शिकवतच नाही. तिथे ‘मॉड्यूललिस्ट’ वापरा. फॉरवर्डमध्ये नवा टेन्सर लागला तर ‘टॉर्च.झिरोज(एन, डिव्हाइस=एक्स.डिव्हाइस)’. आमच्या मते हीच सवय सर्वात जास्त एरर वाचवते.

एक फसवी गोष्ट : ‘टॉर्च.टेन्सर(०.५)’ सीपीयूवर असूनही क्यूडाच्या टेन्सरशी गुणता येतो, कारण त्याला मिती नाही. तोच ‘टॉर्च.टेन्सर([०.५])’ केला की एरर. एका कंसाचा फरक, आणि शोधण्यात दुपार जाते.

चेकपॉइंट (प्रशिक्षणाची जतन केलेली फाइल) उघडताना ‘मॅप_लोकेशन’, म्हणजे कोणत्या डिव्हाइसवर उघडायची ते, द्या, नाहीतर जीपीयूवर जतन केलेली फाइल जीपीयू नसलेल्या मशीनवर उघडतच नाही. क्रमही सांभाळा : आधी मॉडेल डिव्हाइसवर, मग ऑप्टिमायझर तयार करा, मग त्याची जुनी स्थिती भरा. भरताना ती स्थिती पॅरामीटर ज्या डिव्हाइसवर असतील तिथे जाते. मॉडेल नंतर हलवलं तर ॲडम या ऑप्टिमायझरचे मोमेंट (ग्रेडियंटच्या चालत्या सरासऱ्या) सीपीयूवर अडकतात आणि ‘स्टेप()’ला एरर येते.

जीपीयू हाताशी नसेल तर मॉडेलची प्रत आणि इनपुट दोन्ही ‘मेटा’ डिव्हाइसवर नेऊन एक फॉरवर्ड चालवा. खरे आकडे तिथे नसतात, पण सीपीयूवर राहून गेलेले बरेचसे टेन्सर लॅपटॉपवरच उघडे पडतात.