‘लाइक’ वापरताना या चुका टाळा

‘लाइक म्हणजे सारखं’ एवढं पाठ करून मुलं पुढे पळतात आणि तिथेच फसतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका नर्सने नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय वर्क्ड लाइक अ स्टाफ नर्स फॉर सिक्स इयर्स.’ मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: म्हणजे तुम्ही नर्स नव्हतात का? ती गडबडली, पुढचं सगळंच बिघडलं आणि नोकरी हुकली. सहा वर्षं रात्रपाळ्या केलेली मुलगी, आणि अर्जातलं वाक्य सांगत होतं की ही नर्ससारखं काम करायची. मला आजही वाईट वाटतं. तिथे ‘अ‍ॅज’ हवं होतं. मी वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणायला लावते. ‘नर्स म्हणून’ आलं तर ‘अ‍ॅज’, ‘नर्ससारखं’ आलं तर ‘लाइक’. तीस दिवसांत इंग्रजी शिकायला निघालेल्यांना एवढाही धीर नसतो.

‘लाइक टू माय ब्रदर’मधला ‘टू’ काढा. ‘हाऊ डज ही लुक लाइक’ चूक. ‘हाऊ’ ठेवा किंवा ‘लाइक’ ठेवा, आणि ‘लाइक’ ठेवलंत तर सुरुवात ‘व्हॉट’ने करा.

दुसरी चूक शब्दाच्या जन्माची. आपल्या ‘लायक’वरून ‘लाइक’ आला, असं छातीठोकपणे सांगणारे नेहमी भेटतात. कानाला जुळलं की नातं जोडून मोकळे! ‘लायक’ अरबीतून आला. ‘लाइक’ आला जुन्या इंग्रजीतल्या ‘येलीच’वरून, आणि त्यातल्या ‘लीच’चा अर्थ शरीर. म्हणजे एकाच अंगाचा, एकाच घडणीचा. जर्मन ‘ग्लाइश’ त्याचा सख्खा भाऊ. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या आवाराच्या तोंडाशी छप्पर घातलेलं फाटक दिसतं, ‘लिचगेट’. शवपेटी आणणारे लोक पाद्री येईपर्यंत तिथे थांबत. त्यातला ‘लिच’ म्हणजे तेच शरीर, आता निष्प्राण. ‘फ्रेंडली’च्या शेपटीतला ‘ली’सुद्धा तिथलाच. ‘सच’, ‘विच’, ‘ईच’ यांच्या पोटातही तोच दडलाय. आपल्या ‘सारखा’च्या मुळाशी मात्र संस्कृत ‘सदृक्ष’ आहे, त्यात धातू आहे पाहण्याचा.

‘आवडणं’ या अर्थाचा ‘लाइक’ परका समजू नका, तोही याच घराण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘रुचणं’, आणि रुचणारी वस्तू वाक्याची कर्ता असे. ‘हॅम्लेट’मध्ये राजा म्हणतो, ‘इट लाइक्स अस वेल’. हुबेहूब आपलं ‘आम्हाला ते आवडतं’! पुढे इंग्रजीने कर्ता बदलला, म्हणून आता ‘आय लाइक इट’.

आणि ‘व्हॉट इज ही लाइक?’ या प्रश्नाला ‘क्रिकेट’ हे उत्तर देऊ नका. तिथे माणूस स्वभावाने कसा आहे, हे विचारलेलं असतं. आवड विचारायची तर ‘व्हॉट डज ही लाइक?’