रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका

उन्हाळ्यात रोमला जाणार असाल तर रिकामी बाटली सोबत ठेवाच, कलोसियमच्या बाहेर पाणीवाले मागे लागतात पण अख्ख्या शहरात नाझोनी म्हणून बिडाचे बुटके नळ आहेत, 1874 पासून बसवलेले, अडीचेक हजार तरी असतील, आणि पाणी चोवीस तास चालू, फुकट, मस्त गार. (असं वाहतं पाणी बघून आपला जीव तुटतो ते वेगळं.) बहुतेकांना तोटी नसतेच. वाकून ओंजळीने पिण्यापेक्षा खालचं तोंड बोटाने दाबून धरा, मग नळीच्या वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, सरळ तोंड पुढे करून प्यायचं, फक्त जोरात दाबलं तर चष्मा भिजतो. 'नॉन पोताबिले' पाटी दिसली तर मात्र तिथलं पिऊ नका.