पीएचडी करताना साडेसहाला लॅबमधून निघायचं असेल तर

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत फळमाश्यांवर पीएचडी केली. तिसऱ्या वर्षी मुलगी झाली आणि पाळणाघर संध्याकाळी सातला बंद व्हायचं. तोवर मी सकाळी सातला लॅबमध्ये आणि रात्री अकराला पुन्हा लॅबमध्ये असायची. ते थांबवताना जे शिकले, ते नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी आठवडाभर एक वही ठेवा. लॅबमध्ये किती तास होतात ते नको, प्रयोगाला तुमचे हात नेमके किती वाजता लागले, तेवढंच लिहा. माझ्या वहीत बारा तासांतून हातांचं काम जेमतेम पाच तासांचं निघालं. उरलेला वेळ सेंट्रिफ्यूज यंत्राच्या रांगेत आणि सर अजून केबिनमध्ये आहेत म्हणून बसून राहण्यात गेला होता. फेलोशिप दोन वर्षं जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आणि तीन वर्षं एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) अशी पाच वर्षं चालते. इतका काळ कुणालाच असं रेटता येत नाही.

मग प्रयोगाची वेळ सरकवता येते का ते बघा. बहुतेकदा येते. क्रॉस लावायला, म्हणजे ठरावीक नर-मादीचं मीलन घडवायला, कुमारी (अजून मीलन न झालेल्या) माद्या लागतात. २५ अंशांवर कोशातून बाहेर आलेली मादी साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा वायल (माश्या वाढवायची छोटी बाटली) रिकामी करावी लागते आणि शेवटची फेरी मध्यरात्रीवर जाते. १८ अंशांवर मात्र हीच मुदत जवळपास दुप्पट होते. मी संध्याकाळी सहाला वायलमधली एकूण एक माशी बाहेर काढायचे, खाद्याच्या कडेला एखादी चिकटून राहिली नाही ना, हे उजेडासमोर धरून पाहायचे आणि वायल १८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे. सकाळी साडेआठला आत सापडणाऱ्या सगळ्या माद्या कुमारी. रात्रीची फेरी कायमची सुटली. वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं प्रथिन ओळखायची चाचणी) करणाऱ्यांनी प्रायमरी अँटिबॉडीचा, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या पहिल्या रेणूचा, टप्पा रात्रभर ४ अंशांवर ठेवावा आणि तेवढा वेळ घरी जावं.

एवढी तयारी झाली की मगच गाइडशी बोला. ‘जरा वेळेचं बघता का’ असं मोघम बोलून काही हाती लागत नाही. मी म्हटलं होतं, “सर, मी साडेआठ ते साडेसहा लॅबमध्ये असेन. ग्रुप मीटिंग चारच्या आधी घेता येईल का? रात्री आठनंतरचे मेसेज सकाळी बघेन. काही बिघडलं तर मात्र लगेच फोन करा.” त्याच संध्याकाळी हे सगळं दोन ओळींच्या ईमेलमध्ये त्यांना पाठवलं. पंधरा दिवसांनी मीटिंग साडेसातला लागली, तेव्हा तो ईमेल दाखवता आला आणि मीटिंग दुपारी गेली. तोंडी ठरलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

रजेचे नियम स्वतः वाचा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफमध्ये सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवस रजा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत स्त्रियांना संपूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे, आणि कमाल मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत. मला ही तरतूद कुणी आपणहून सांगितली नाही. अर्जात नियमाचा उल्लेख केला, तेव्हा कार्यालयातून फाइल हलली. गाइडशी अजिबातच जमत नसेल, तर दर सत्राला होणाऱ्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत ते मांडा. ती बैठक नुसत्या स्लाइड्स दाखवण्यासाठी नसते.

रात्री थांबावंच लागलं तर एकट्याने थांबू नका, आणि किती वाजता निघणार हे कुणाला तरी सांगून ठेवा.

गावी जाण्याआधी क्रॉस १८ अंशांवर लावा. २५ अंशांवर दहा दिवसांत निघणाऱ्या माश्या तिथे जवळपास दुप्पट वेळ घेतात. दिवाळी त्यातच बसते. स्टॉक (कायम जपायच्या माश्यांच्या वायल) मैत्रिणीकडे सोपवताना प्रत्येक ट्रेवर तारीख आणि ‘या दिवशी फ्लिप कर’ (म्हणजे माश्या ताज्या खाद्याच्या वायलमध्ये हलव) असं ठळक लिहा. माझे स्टॉक ती दिवाळीत सांभाळायची, तिचे मी गणपतीत.