नव्या बॅटरीचं पहिलं चार्जिंग: या चुका टाळा, उन्हाळ्यात तर नक्कीच

नवा फोन घेतला किंवा जुन्यात बॅटरी टाकून आणली की घरात कोणीतरी सांगतंच, आधी आठ तास चार्जिंगला लाव, तोवर हात लावू नको. भाऊ, आता याची गरज नाही. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला, त्यांना खरंच पहिल्यांदा रात्रभर लावून ठेवावं लागायचं. लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली आणि आज आपल्या फोनात तीच आहे, तिचं खरं पहिलं चार्जिंग कारखान्यातच होऊन गेलेलं असतं. म्हणून तर डब्यातून काढला की फोन लगेच चालू होतो, बॅटरी थोडीफार भरलेली असतेच. तेवढ्यावर वापरा, वाटलं तर लावा, 100 झाले की आतलं सर्किट करंट स्वतःच बंद करतं, त्यामुळे आठ तास लावून जास्त काही भरत नाही.

दुसरी चूक, आधी पूर्ण उतरवायची आणि मग लावायची. उलट शून्यावर वारंवार नेली तर या बॅटरीला त्रासच होतो. 20-30 ला आली की लावा, 80-90 ला काढली तरी चालतं.

पण खान्देशात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गरमीची. ॲपलच्या सूचनेतच लिहिलंय की फोन 0 ते 35 अंश हवेत वापरा, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात दुपारी दोनला फोन चार्जिंगला लावलाय, वरून जाड कव्हर, खाली गोधडी, आणि पोरगं त्यावरच गेम खेळतंय, अशाने नवी बॅटरी वर्षभरात बसते आणि मग सगळे म्हणतात बॅटरी डुप्लिकेट निघाली. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा, कव्हर काढा, फरशीवर ठेवा, उशीखाली तर अजिबात नको. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर किंवा गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवून तिथेच चार्जिंग लावणंही नको. गरम झाला म्हणून फ्रीजमध्येही टाकू नका, आत पाणी धरतं.

आता लावला पण चार्जच होत नाही, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. पूर्ण उतरलेला असेल तर अर्धा तास तसाच राहू द्या, स्क्रीन काळी राहिली तरी. मग केबल बदलून बघा. मग टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा, कापूस वेचणीच्या दिवसात खिशातला फोन असेल तर पोर्टच्या तळाला रुई आणि धूळ दाबून बसलेली असते, पिन अर्धीच आत जाते आणि हलवली की चार्जिंग तुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई घालू नका, आतले काटे वाकतात.

नवी बॅटरी टाकल्यावर 40 टक्क्यांवरून एकदम 15 वर येत असेल तर बऱ्याचदा फोनचा अंदाज चुकत असतो. एकदा 100 करा, पाच-दहापर्यंत उतरवा, परत 100 करा, मोजमाप जुळतं. एवढ्याचसाठी, रोज नको. तरीही उड्या मारत असेल तर जिथून टाकून घेतली तिथे परत दाखवा, बिल जपून ठेवा.

आणि मागचं कव्हर वर आलं, स्क्रीन कडेला उचलली तर बॅटरी फुगलीय, लगेच चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, फोन पोरांच्या हातात देऊ नका. दुकानात नेऊन काढून घ्या आणि काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिथे कचरा पेटवतात, दुकानदारालाच ठेवून घ्यायला सांगा.