बंद घराचं थकीत वीजबिल : या चुका टाळा

चवथीला गावचं घर उघडावं, तर दाराखाली सरकवलेलं वीज खात्याचं बिल आणि थकबाकीच्या रकान्यात पाच आकडी रक्कम. पहिली चूक इथेच होते. मीटरकडे न बघता माणूस एकतर पैसे भरून मोकळा होतो, नाहीतर बिल कपाटात टाकतो.

आधी मीटरचा क्रमांक बिलाशी जुळवा. पडद्यावर आकडे फिरत असतात. ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजे युनिट) आलं की फोटो काढा आणि बिलातल्या चालू रीडिंगशी ताडून बघा. मीटर कमी दाखवत असेल तर बिल अंदाजाचं आहे. दाराला कुलूप असलं की सरासरी लावतात.

रीडिंग जुळलं तरी दराचे टप्पे तपासा : महिन्याचा वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर चढतो. सहा महिन्यांचे 900 युनिट म्हणजे महिन्याला 150. तेच एका महिन्यात धरले तर बरेचसे महागड्या टप्प्यात जातात. ‘बिल फार आलं’ अशा अर्जाचा उपयोग नाही. ‘युनिट सहा महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करावं’ असं लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

मीटर पळतोय असं वाटतं? त्यावर बहुधा ‘3200’ असा पल्सचा आकडा असतो : लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद करून 1000 वॅटचा रॉड बादलीत 3 मिनिटं चालवा. साधारण 160 लुकलुका व्हायला हव्यात. व्होल्टेजमुळे थोडं इकडेतिकडे होतंच. सगळी उपकरणं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर पावसात भिजलेली पंपाची वायर आधी बघा. ती गळती निघाली तर खर्च आपलाच.

तक्रार दिली म्हणून भरणा थांबवू नका. वीज कायदा 2003, कलम 56 प्रमाणे जोडणी तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद मिटेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की जोडणी तोडता येत नाही. ‘हरकत राखून’ हे शब्द लेखी हवेत.

‘आज रात्री वीज तोडणार’ असा मेसेज आणि सोबत अ‍ॅपची फाईल आली तर ती उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

आणि मेन स्विच पाडून गेलात म्हणून बिल शून्य होत नाही. स्थिर आकार दर महिन्याला चढतच असतो.