जुन्या पाकिटावरचं तिरंग्याचं तिकीट कसं सोडवायचं

किटलीच्या वाफेवर धरा, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, हेअर ड्रायर मारा, असं कोणी सांगितलं तर हो हो म्हणा आणि विसरून जा. तिकीट साध्या पाण्याने सुटतं. सुटणं सोपंच आहे हो, खरी रड वाळवण्यात आहे, निदान आपल्या गोव्यात तरी.

पण पाणी घ्यायच्या आधी शिक्का वाचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी इथल्या पोस्टात भारताची तिकिटं सुरू झाली २९ डिसेंबरला, आणि पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालत होती. त्या मधल्या दिवसांचा गोव्यातला शिक्का असेल तर तिकिटाला हात लावायचा नाही, पाकीट आहे तसं अख्खं ठेवायचं. आमच्या मामाने असल्या एका पाकिटावरचं तिकीट कात्रीने चौकोन करून कापलेलं, शिक्क्यातला १९६१ चा आकडा उरलेल्या कागदाबरोबर न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली जळला. आता ते नुसतं तिकीट आहे, हजारो असतात तसलं.

बाकी सुटी पाकिटं खुशाल भिजवा. त्यात तिरंग्याचं साडेतीन आण्याचं 'जय हिंद' सापडलं तर मात्र सावकाश. स्वतंत्र भारताचं ते पहिलं तिकीट, नाशिकच्या प्रेसमध्ये छापलेलं, परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी. त्यावर १५ ऑगस्ट १९४७ आहे म्हणून लोक ते त्याच दिवशी निघालं असं ठोकून देतात, पण आलं ते २१ नोव्हेंबरला. अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्याचं त्याच्याही नंतर, १५ डिसेंबरला. झेंड्याच्या या तिकिटात शाई तीनच रंगांची, केशरी, निळी आणि हिरवी. पांढरा पट्टा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे जो काही डाग पडेल तो नेमका तिथे दिसतो.

म्हणून लाल-निळ्या काठाचं किंवा रंगीत पाकीट असेल तर काठ आधी कापून टाका आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वाटी घ्या. मी एकदा आळस करून सगळे एकाच परातीत टाकले, लाल रंग सुटला आणि माझ्या तिरंग्याचा चौरंगा झाला. अजून ठेवलाय तो, भाच्यांना दाखवायला.

कोमट पाणी, तिकीट वर तोंड करून, वीस मिनिटं. आपोआप सरकलं नाही तर अजून थांबा, ओढू नका, कडेचे दाते तुटतात. मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात मागचा डिंक बोटाने हलकेच धुवा. बोट बुळबुळीत लागतंय तोवर डिंक आहे.

आता वाळवणं. माझी पहिली बॅच जूनमधली, टिपकागदावर वर तोंड करून ठेवली, वर जाडजूड पुस्तक. चार दिवसांनी बघतो तर राहिलेल्या डिंकाने सगळी कागदाला घट्ट, आणि कोपऱ्यात बुरा. परत भिजवली तर दोन फाटली. तेव्हापासून माझा नियम, पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही, चवथ होऊ दे, दसरा होऊ दे, आभाळ मोकळं झालं की मग. तिकीट टिपकागदावर पालथं ठेवायचं म्हणजे डिंक राहिलाच तरी वरच्या बाजूला राहतो. पंखा फुल नको, उडून कपाटाखाली जातात (गेलीत). उन्हात तर मुळीच नको, केशरी रंग उडतो. तासाभराने कडा वळायला लागल्या की दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये घालून वर वजन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बदलायचा. हा कागद बदलायचा भाग कोणी सांगत नाही आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण आपल्याकडे वरून कोरडा वाटणारा टिपकागद आतून दमटच असतो. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओलं आहे. मला तीन दिवस लागतात, पुण्याच्या मित्राचं एका रात्रीत होतं.

अल्बममध्ये फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, हिंज (डिंक लावलेली पातळ कागदी पट्टी) किंवा माउंट (तिकिटाची पारदर्शक खोळ) लावा. अल्बम कपाटात उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि त्या दर मे महिन्यात बदला.