सामुराईंच्या युद्धाविषयीचे दावे कसे पारखावेत

सामुराई म्हटले की दोन्ही हातांनी काताना तलवार उगारलेला, माघारीपेक्षा मरण पत्करणारा आणि बंदुकीला तुच्छ लेखणारा एकांडा वीर डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र बव्हंशी लढाया थांबल्यानंतर रंगवले गेले आहे. म्हणूनच सामुराईंच्या युद्धाबद्दल एखादे विधान वाचनात आले की ते खरे की खोटे याचा निकाल लावण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: ते कोणत्या काळाबद्दल आहे, आणि ते प्रथम कोणी, कधी व कशासाठी लिहून ठेवले. बखर आणि समकालीन पत्र यांना एकाच तागडीत तोलू नये, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. जपानी साधनांनाही तोच न्याय लावायचा आहे.

आधी शतक निश्चित करावे. 1180 ते 1185 या काळात मिनामोतो आणि ताइरा या घराण्यांत जे युद्ध झाले, त्यातील प्रतिष्ठित सामुराई हा मुख्यतः घोड्यावरचा तिरंदाज होता, आणि त्याच्या जीवनमार्गाला त्या काळी ‘धनुष्य आणि घोड्याचा मार्ग’ असेच म्हटले जाई. 1467 ते 1477 या ओनिन युद्धात क्योतो शहर जळून गेले आणि आशिगारू म्हणजे हलके पायदळ मोठ्या प्रमाणावर पुढे आले. सोळाव्या शतकातील सरदारांच्या फौजांचा कणा लांब भाले घेतलेल्या पायदळाच्या तुकड्या हा होता, आणि 1543 मध्ये पोर्तुगिजांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोहोचल्यावर काही दशकांतच तीही या फौजांत रुजली. 1638 मध्ये शिमाबाराचा उठाव मोडल्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे देशात मोठे युद्ध झाले नाही. या सर्व कालखंडांना एकत्र कोंबून ‘सामुराई असे लढत’ असे जिथे सांगितलेले असेल, तिथे पुढचे वाचण्याची घाई करू नये.

त्यानंतर हत्याराकडे पाहावे. तलवार हा सामुराईचा आत्मा, ही कल्पना शांततेच्या काळात फोफावली. तोकुगावा राजवटीत (1603 ते 1868) कमरेला दोन तलवारी लावणे ही सामुराई वर्गाची ओळख ठरली, आणि रोज दिसणारी वस्तू रणांगणावरही मुख्य असावी असे पुढच्या पिढ्यांनी गृहीत धरले. याउलट चौदाव्या शतकातील योद्ध्यांनी बक्षिसासाठी आपल्या वरिष्ठांकडे सादर केलेल्या लढाईच्या कैफियती, ज्यांना गुन्चूजो म्हणतात, आजही उपलब्ध आहेत. कोण कुठे लढला, कोणाला कोणत्या अवयवावर कशाची जखम झाली, कोणाचा घोडा मेला, असा रोकडा तपशील त्यांत असतो, आणि तो खरा आहे असा शेरा मारून वरिष्ठाची सही घेतलेली असते. या कागदांतील ज्या जखमांचे कारण नोंदलेले आहे, त्यांपैकी साधारण 70 टक्क्यांहून अधिक जखमा बाणांच्या आहेत. तलवारीचा क्रमांक त्यानंतर बऱ्याच अंतराने लागतो. अर्थात हा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. कैफियतींत जखमेचे वर्णन येते ते मुख्यतः जिवंत परतलेल्यांचे, आणि मेलेल्या माणसाबद्दल पुष्कळदा तो पडला एवढीच नोंद असते. तरीही तलवारीने लोखंडी चिलखत कापत जाणारा वीर या कागदांत कुठेही भेटत नाही. शत्रूचे शीर कापणे मात्र खरे होते, कारण इनाम मिळवायचे तर पुरावा लागे, आणि लढाईनंतर सेनापतीपुढे शिरांची रीतसर तपासणी होत असे.

दोन वीरांनी आपापले नाव व कुळ मोठ्याने सांगावे, मग बाकीच्या सैन्याने थांबून त्यांचे द्वंद्व पाहावे, ही समजूत बिवा या तंतुवाद्याच्या साथीने अंध गायक ज्या वीरगाथा म्हणत, त्यांतून आली आहे. गाथेला नावांची गरज असते. गर्दीतून सुटलेल्या बाणाने कोण पडला हे गाऊन श्रोते बसून राहत नाहीत. त्याच योद्ध्यांनी 1156 मध्ये क्योतोतील गादीच्या तंट्यात पहाटे छापा घालून प्रतिपक्षाच्या वाड्याला आग लावली, हे त्या चौकटीत बसत नाही. नाव पुकारण्याला एक व्यवहारी बाजूही होती. आपला पराक्रम कोणीतरी पाहिला आणि पुढे साक्ष दिली, तरच इनामाचा दावा टिकत असे.

मंगोल स्वारीच्या वेळी जपानी योद्धे एकेकटे द्वंद्वाचे आव्हान देत पुढे गेले आणि शत्रू हसला, ही गोष्ट तर अनेक ठिकाणी निखळ इतिहास म्हणून दिली जाते. अशा वेळी ती मुळात कोणी लिहिली ते शोधावे. ती हाचिमान देवतेचा महिमा सांगणाऱ्या, चौदाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या एका धार्मिक ग्रंथात येते. देवतेने देश तारला असे ठसवायचे असेल, तर योद्धे हतबल दाखवणे लेखकाच्या सोयीचे होते. त्या ग्रंथाशेजारी ताकेझाकी सुएनागा या क्यूशूतील सामुराईने स्वतःच्या पराक्रमाची काढवून घेतलेली चित्रगुंडाळी ठेवावी. 1274 मध्ये तो अवघ्या पाच घोडेस्वारांनिशी, स्वतःला धरून, शत्रूवर चालून गेला, त्याचा घोडा बाणाने जायबंदी झाला, आणि मागून आलेल्या दुसऱ्या तुकडीमुळे तो वाचला. पुढच्या वर्षी तो पदरमोड करून त्या काळच्या लष्करी सरकारचे ठाणे असलेल्या कामाकुराला गेला, अधिकाऱ्यापुढे आपली आघाडी सांगितली आणि एका गावाची जमीनदारी मिळवूनच परतला. हे साधनही निःस्वार्थी नाही; सुएनागाला स्वतःची प्रौढी मिरवायचीच आहे. पण प्रौढी मिरवताना तो द्वंद्वाच्या आव्हानाची बढाई मारत नाही, तर सर्वांआधी भिडल्याची मारतो, आणि हे फार बोलके आहे.

बंदुकीच्या बाबतीत दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच वेळी नांदतात. सामुराई बंदुकीला हीन मानत असत हा पहिला. तो फारसा टिकत नाही, कारण साकाई आणि कुनितोमो येथील कारागीर सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर बंदुका घडवत होते आणि 1592 मध्ये कोरियावर गेलेल्या जपानी फौजांचे तेच भेदक हत्यार होते. दुसरा गैरसमज 1575 च्या नागाशिनो लढाईचा आहे. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने 3,000 बंदूकधारी तीन रांगांत उभे केले, रांगांनी आळीपाळीने गोळीबार केला आणि ताकेदा घराण्याचे अजिंक्य घोडदळ त्यात वितळून गेले, असे शालेय पुस्तकांपासून सर्वत्र सांगितले जात आले आहे. येथे साधनांचा क्रम लावून पाहावा. नोबुनागाच्याच चाकरीत राहिलेल्या ओता ग्यूइचीच्या वृत्तांतात सुमारे 1,000 बंदूकधाऱ्यांचा उल्लेख येतो, शिवाय शत्रूच्या पिछाडीवर पाठवलेल्या तुकडीबरोबर 500 बंदुका होत्या असे तो सांगतो. प्रतींप्रतींत आकड्याचा फरक आहे, पण तीन रांगांचे नाव नाही. तीन हजारांची आणि आळीपाळीची कथा ओझे होआन या लेखकाने सतराव्या शतकाच्या आरंभी रंगवली, आणि मेइजी काळातील (1868 ते 1912) लष्करी इतिहासकारांनी ती उचलल्यावर तिला अधिकृत इतिहासाचे वजन आले.

एवढ्यावर न थांबता जमीन आणि जनावर दोन्ही तपासावीत. लढाई झाली ते मैदान अरुंद होते, मधून ओढा वाहत होता आणि ओदा-तोकुगावा पक्षाने लाकडी कुंपणे घालून आपली बाजू भक्कम केली होती. त्या काळातील जपानी घोडा खांद्यापर्यंत साधारण 120 ते 140 सेंटीमीटर उंचीचा, म्हणजे आजच्या मोजमापाने तट्टूच. त्यामुळे युरोपीय जड घोडदळासारखी शेकडो घोड्यांची सलग भिंत कल्पणे सोडून द्यावे. ताकेदांकडेही बंदुका होत्याच. कुंपण, संख्याबळ, पिछाडीवरील छापा आणि सकाळपासून दुपारपर्यंत चाललेला मारा यांनी मिळून ताकेदांचा पराभव झाला, हे उत्तर चित्तथरारक नसेल. मला मात्र तेच अधिक पटते.

निष्ठा आणि मृत्यू यांविषयीचे दावे तपासणे सर्वांत सोपे आहे, कारण येथे ग्रंथांच्या तारखाच बोलतात. मरणाची तयारी हाच सामुराईचा मार्ग असे सांगणारे ‘हागाकुरे’ हे यामामोतो त्सुनेतोमोच्या कथनावरून 1716 मध्ये पूर्ण झाले. त्याचा जन्म 1659 चा, म्हणजे शिमाबारा शांत झाल्यानंतर 21 वर्षांनी, आणि त्याने रणांगण कधीच पाहिले नाही. बुशिदोला, म्हणजे सामुराईच्या आचारधर्माला, जगभर प्रसिद्धी देणारे नितोबे इनाझो यांचे पुस्तक इंग्रजीत लिहिले गेले आणि 1900 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा सामुराई वर्गच उरला नव्हता. प्रत्यक्ष सोळाव्या शतकात पाहावे तर 1582 मध्ये आकेची मित्सुहिदेने आपल्याच धन्यावर, नोबुनागावर, होन्नोजी मंदिरात हल्ला केला, 1600 मध्ये सेकिगाहाराच्या रणात कोबायाकावा हिदेआकीने ऐन लढाईत बाजू बदलली, आणि तोदो ताकातोरासारखा माणूस अनेक धनी बदलूनही शेवटी मोठा सरदार म्हणूनच मेला. माघार घेणे, तह करणे, नव्या धन्याकडे रुजू होणे हा नित्याचा व्यवहार होता.

चित्रे आणि पुतळे यांना पुरावा मानू नये. नागानो येथे ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन या प्रतिस्पर्धी सरदारांच्या 1561 मधील झुंजीचा प्रसिद्ध पुतळा आहे. घोड्यावरून वार करणारा केनशिन आणि युद्धपंख्याने तो अडवणारा शिंगेन हे दृश्य उत्तरकालीन ग्रंथांवर आधारलेले आहे. 1860 च्या दशकात योकोहामात काढलेली चिलखतधाऱ्यांची छायाचित्रेही पुष्कळदा परदेशी गिऱ्हाइकांसाठी स्टुडिओत मांडलेली असत.

शेवटची कसोटी नव्या सरकारविरुद्धच्या 1877 च्या सात्सुमा बंडावर लावून पाहावी, कारण तलवारी घेतलेले शेवटचे सामुराई बंदुकांपुढे धारातीर्थी पडले अशी त्याची सर्वदूर प्रतिमा आहे. बंडाचा नेता साइगो ताकामोरी याचे लोक रायफली आणि तोफा घेऊनच निघाले होते, आणि कुमामोतोच्या किल्ल्याला वेढा घालून ते आठवडेच्या आठवडे लढले. दारूगोळा आटत गेला तसतशी तलवार पुढे आली. ताबारुझाकाच्या घाटात तर तलवारी उपसून हल्ला करणारी खास तुकडी सरकारी पक्षाची होती, आणि ती पोलिसांमधून निवडलेली होती.